खोलण्याआधी मोज

अगं, स्कोप आणलास ते फार छान केलंस. शिष्यवृत्तीचे पैसे साडीत, मोबाइलमध्ये न घालवता दोन चॅनेलच्या डिजिटल ऑसिलोस्कोपमध्ये घातलेस, म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर आहे. आता तो कॅमेऱ्यासमोर खोलून, आतलं सगळं दाखवून, घ्यावा की नाही ते लोकांना सांगायचंय. घरात मात्र ‘चालतं यंत्र कशाला खोलायचं’ हा धोशा सुरू झाला असेल. मी तुझ्या बाजूने आहे. पण माझी रोजची भाकरी मोजमापाच्या यंत्रांवरच चालते, म्हणून चार गोष्टी कानात सांगते. स्कोपचं नाव मी घेत नाही, कारण निकाल अजून तू द्यायचाय.

सगळ्यात आधी वाड्याच्या वायरिंगचं बोलू. काशीत रामघाटावरची आपली घरं किती जुनी, ते तुला सांगायला नको. भिंती हातभर जाड, बोळातून दोन माणसं समोरासमोर आली की एकाने ओट्यावर चढायचं, आणि खोल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक चढवलेल्या वायरी. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे तिसऱ्या भोकाच्या मागे वायर असेलच, असं धरून चालू नकोस. कित्येक ठिकाणी ते भोक नुसतं शोभेचं असतं. स्कोपच्या बाबतीत ते तिसरं भोक फार महत्त्वाचं. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपच्या प्रोबला लोंबणारी काळी क्लिप आतून थेट अर्थला जोडलेली असते. अर्थिंग नसेल आणि आत काही बिघाड झाला, तर स्कोपचं धातूचं अंग आणि तू हातात धरलेली क्लिप, दोन्ही फेजवर येऊ शकतात. तेव्हा चांगल्या वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घे, आणि जमलं तर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घे. टेस्टर खुपसून स्वतः प्रयोग करू नकोस.

दुसरी बाजूही समजून घे. अर्थिंग उत्तम असलं तरी ती क्लिप कुठेही लावायची मुभा मिळत नाही. मोबाइलच्या चार्जरचा मेन्सकडचा भाग, एलईडी बल्बचा ड्रायव्हर, टीव्हीचा पॉवर सप्लाय, या ठिकाणी ब्रिज रेक्टिफायरच्या मागे ऋण टोक दिसतं आणि मोह होतो, की हेच ग्राउंड. ते टोक अर्थच्या पातळीवर नसतं. तिथे क्लिप लावलीस की डायोडमधून थेट शॉर्ट होतो. ठिणगी उडते, सर्किट बोर्ड जळतो, कधी स्कोपचं इनपुटही जातं. काही व्हिडिओंमध्ये यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थची पिन कापतात. ते बघून विसरून जा. पिन कापली की शॉर्ट टळतो, पण सगळा स्कोप त्या धोकादायक पातळीवर तरंगतो आणि त्याच्या बटणांना तू हात लावतेस. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरायचाच असेल, तर तपासायच्या वस्तूला वापर, स्कोपला कधीच नाही. मेन्सकडचं मोजायला डिफरन्शियल प्रोब असतो. तो हाती येईपर्यंत त्या वाटेला जाऊ नकोस. बॅटरीवर चालणारा, टॅब्लेटसारखा स्कोप असला तरी निर्धास्त होऊ नये. त्याची क्लिप जिथे लावशील त्या पातळीवर तो अख्खा जातो, आणि त्यात चार्जरची किंवा संगणकाची केबल खोचलेली असेल तर पुन्हा तीच गत.

उघडलेल्या स्कोपच्या आतही पॉवर सप्लायचा वेगळा कोपरा असतो. 230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्टच्या आसपास जातं, आणि तितका दाब मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो. थांब, मल्टिमीटरने मोज, मगच बोट ने. झाकण काढलेल्या अवस्थेत स्कोप चालू करायचा असेल तर घरात कोणीतरी जागं आणि हाकेच्या अंतरावर असू दे. हे वाक्य आईसारखं वाटलं तर वाटू दे.

आता मुख्य मुद्दा. खोलण्याआधी मोज. तुला ऑस्ट्रेलियाच्या डेव्ह जोन्सचे व्हिडिओ आवडतात, मला माहीत आहे. 2009 पासून तो हे करतोय, आणि वस्तू चालू करण्याआधीच उघडायची हे त्याचं ब्रीदच आहे. त्याला ते परवडतं. त्याच्या टेबलावर आणखी कितीतरी स्कोप आहेत, एक बिघडला तर दुसऱ्याने पहिला तपासता येतो. तुझ्याकडे एकच आहे. उघडल्यावर काही चुकीचं दिसलं, तर ते कारखान्यातून आलं की तुझ्या पेचकसाने झालं, हे तुला कशावरून कळणार? शिवाय स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की वॉरंटीचा वाद सुरू. म्हणून सगळी मोजमापं झाल्यावरच झाकणाला हात लाव.

मोजायचं काय? स्कोप अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ दे, मग मेनूतलं स्वयं-कॅलिब्रेशन चालव. पुढच्या पट्टीवर 1 किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल देणारा खुंट असतो, त्याला प्रोब लावून प्रोबचा बारीक स्क्रू असा फिरव, की चौकोनाचे कोपरे ना उंचावतील ना गोल होतील. प्रोबवरची सरकपट्टी 10 वर ठेव. 1 वर राहिली तर बहुतेक प्रोब काही मेगाहर्ट्झच्या पुढचं नीट दाखवतच नाहीत, आणि दोष बिचाऱ्या स्कोपवर जातो.

मग डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे वळ. 100 मेगाहर्ट्झ बँडविड्थ म्हणजे त्या वारंवारतेवर 1 व्होल्टची साइन लहर साधारण 0.707 व्होल्ट दिसते, पूर्ण 1 नाही. हे तुझ्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलं नसतं, तू सांग. तपासायला सिग्नल जनरेटर हवा, आणि 100 मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा जनरेटर स्वस्त नसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचार. बीएचयूसारख्या ठिकाणी शिकणारीला ही सोय मागण्याचा हक्क आहे, लाजू नकोस. ते जमलं नाही तर दुसरा मार्ग आहे. 74 एसी 14 नावाची काही रुपयांची इन्व्हर्टर आयसी घे, तिच्या बाहेर पडणाऱ्या लहरीची कड फार तीव्र असते, काही नॅनोसेकंदांतच चढते. ती कड स्कोपवर किती वेळात चढलेली दिसते ते बघ. 0.35 भागिले बँडविड्थ, हे सूत्र. 100 मेगाहर्ट्झला 3.5 नॅनोसेकंद, 50 ला 7, आणि 30 ला 11.7 च्या आसपास. आयसीच्या कडेचा स्वतःचा वेळही त्यात मिसळलेला असतो, म्हणून तुझ्या आकड्याला ‘किमान इतकी’ असं म्हण. त्या वेळी प्रोबची लांब काळी क्लिप वापरू नकोस, टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापर. नाहीतर कडेवर थरथर दिसेल आणि ती स्कोपची समजून तू बिनदिक्कत बोलून बसशील.

नमुने घेण्याचा वेग हा दुसरा मोठा आकडा. सेकंदाला 100 कोटी नमुने असं छापलेलं असतं, पण ते बहुधा एकच चॅनेल चालू असताना. दुसरा चालू केलास की 50 कोटी. चार चॅनेलच्या स्कोपात चारही चालू केले की 25. दोन्ही अवस्थांत मोजून दाखव. वेग अपुरा पडला की काय होतं, तेही दाखव. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती कधी उलटी फिरताना दिसतात ना, तसा जलद सिग्नल पडद्यावर आळशी होऊन येतो, आणि बघणारा त्या खोट्या लहरीवर विश्वास ठेवतो. सिग्नल बदलू नकोस, फक्त वेळेची कळ फिरव. लहर मध्येच रूप बदलते, तो क्षण कॅमेऱ्यात पकड.

तिसरी गोष्ट मेमरी. याबद्दल जाहिराती कमी बोलतात, आणि रोजच्या कामात हीच जास्त लागते. एकेकाळी टेक्ट्रॉनिक्सचे नावाजलेले स्कोप 2,500 बिंदूच साठवायचे. सेकंदाला 100 कोटींच्या वेगाने 2,500 बिंदू म्हणजे अडीच मायक्रोसेकंद, संपलं. कोटीभर बिंदू असतील तर त्याच वेगाने 10 मिलिसेकंद हाती लागतात, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा अख्खा संदेश पकडून नंतर निवांत उलगडता येतो. आणि आठ बिट म्हणजे 256 पायऱ्या. पडद्याचे उभे आठ खाने, खान्याला 1 व्होल्ट धर, तर एक पायरी सुमारे 31 मिलिव्होल्टची. त्या मापावर 5 मिलिव्होल्टचा खरखराट शोधणं व्यर्थ. इनपुट शॉर्ट करून, सर्वांत बारीक मापावर, पडदा किती जाड रेघ दाखवतो ते टिपून ठेव. स्वस्त स्कोपची परीक्षा तिथे होते.

हे सगळं वहीत उतरलं, की मग पेचकस. रबरी पायांखाली, स्टिकरखाली लपलेले स्क्रू असतात; बळ लावण्याआधी शोध. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर स्कोपचं चित्र काढून त्याच्याच जागी ठेव. बनारसच्या थंडीत तू लोकरीची शाल पांघरून बसतेस, म्हणजे स्थितिविद्युत ठरलेलीच. सुती कपडे घाल आणि मनगटपट्टी लाव. आत इनपुटजवळ पत्र्याची डबी दिसेल, तिच्याखाली अटेन्युएटर आणि मापं बदलताना टकटक करणारे रिले. पुढे सिग्नलचे आकडे करणारी एडीसी, मग एफपीजीए, मेमरी, प्रोसेसर, आणि बहुधा एक कर्कश पंखा. आयसीवरचे क्रमांक तिरपा प्रकाश टाकून वाच. काही ठिकाणी ते घासून टाकलेले असतात. तिथे ‘ही बहुतेक अमुक आयसी’ असं म्हणायची घाई करू नकोस.

या घाईबद्दल दोन खरे किस्से लक्षात ठेव. रिगोल कंपनीचा डीएस1052ई हा स्वस्त स्कोप लोकांनी उघडला, तेव्हा आत एडी9288 या एडीसीची 40 मेगाहर्ट्झ दर्जाची आवृत्ती दिसली, आणि ती 100 वर पळवलेली होती. अशा पाच दुहेरी आयसी आळीपाळीने नमुने घेऊन सेकंदाला 100 कोटींचा वेग गाठत होत्या. नुसतं बघणारा म्हणाला असता, फसवणूक. पण स्कोप काम नीट करत होता, आणि कितीतरी विद्यार्थ्यांचा तो पहिला स्कोप ठरला. उलट 2014 च्या सुमाराला आलेला त्याच कंपनीचा डीएस1054झेड आतून देखणा. त्याचा सर्किट बोर्ड पाहून कोणीही शाबासकी दिली असती. पण वापरणाऱ्यांनी मोजलं, तेव्हा ठराविक वेळेनंतर लहर थरथरताना दिसली, आणि मूळ सापडलं घड्याळाच्या पीएलएल परिपथात. पुढे कंपनीने फर्मवेअर बदलून ते दुरुस्त केलं. डोळ्यांनी एकाला नापास केलं असतं आणि दुसऱ्याला पैकीच्या पैकी दिले असते. मापाने दोन्ही निकाल फिरवले. म्हणून बोलताना तीन कप्पे कर: हे मला दिसलं, हे मी मोजलं, हे मला वाटतं. तिन्हींची सरमिसळ झाली की चांगला अभ्यासही गप्पांच्या पातळीवर येतो.

आपल्या काशीत हे काम नवं नाही गं. 1821 साली पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री इथल्या संस्कृत कॉलेजात ज्योतिष-गणित शिकवायचे, आणि मानमंदिर घाटावरच्या वेधशाळेतल्या दगडी यंत्रांवर त्यांनी पुस्तिका लिहिली. कोणतं यंत्र कशासाठी, त्याने काय मोजता येतं, हे त्यांनी वाचणाऱ्याच्या हाती दिलं. रामघाटावरून नाव केली की थोड्याच वेळात ती वेधशाळा येते. यंत्राबद्दल आधी नीट समजून घ्यावं आणि मग चार लोकांना सांगावं, ही तुझ्या गावातल्या मराठी माणसांची जुनी वाट आहे. घरात कोणी कटकट केली तर हे नाव पुढे कर.

चित्रीकरणाचं थोडक्यात सांगते. आपला घाट पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी नदीवरून येणारा उजेड थेट पडद्यावर चमकतो आणि लहर दिसत नाही. दुपारनंतर ऊन घरांच्या मागे गेलं की शूट कर. कॅमेरा 25 फ्रेमवर आणि शटर पन्नासाव्या हिश्श्यावर ठेव, म्हणजे 50 हर्ट्झच्या दिव्यांची फडफड चित्रात येत नाही. आवाजाचं मात्र अवघड आहे: पहाटे सांगवेद विद्यालयातल्या मुलांची संथा, दिवसभर नावांची इंजिनं, संध्याकाळी आरतीचे भोंगे. आवाज नंतर, आतल्या खोलीत, गोधडी लटकवून रेकॉर्ड कर. आणि माकडांचं भान ठेव. टेबल खिडकीपासून लांब लाव. प्रोब पळवून नेला तर तो गंगेपलीकडूनही मिळायचा नाही.

आता जे फोनवर आईसमोर बोलता येत नाही, ते. मुलगी हातात सोल्डरगन घेऊन बोलायला लागली, की पहिली टिप्पणी सर्किटवर येत नाही. बांगड्यांवर, आवाजावर, रंगावर येते. ‘कोणी लिहून दिलंय का’ असंही विचारतील. अशांना उत्तर देत बसू नकोस, पण तांत्रिक चूक दाखवणाऱ्याला, तो कितीही उद्धट असला तरी, उत्तर दे. दोघांत फरक करायला शिकलीस की निम्मा त्रास जातो. बोळाचं नाव, दारावरचा नंबर, खिडकीतून ओळखू येणारा घाट चित्रात येऊ देऊ नकोस. चॅनेलसाठी वेगळा ईमेल कर. भेटायला बोलावणाऱ्या कोणालाही घरातल्या कोणाला सांगितल्याशिवाय हो म्हणू नकोस. काही विचित्र संदेश आला तर पुसून टाकू नकोस, स्क्रीनशॉट घेऊन मला पाठव. मी रागावणार नाही, आणि घरी लगेच सांगणारही नाही.

प्रेक्षक वाढले की कंपन्या फुकट स्कोप पाठवतील. घ्यायला हरकत नाही, पण व्हिडिओच्या सुरुवातीलाच, स्पष्ट शब्दांत सांग. भारतात जानेवारी 2023 पासून ग्राहक व्यवहार खात्याच्या मार्गदर्शक सूचना आहेत: पैसे, भेटवस्तू किंवा सवलत मिळाली असेल तर ती ठळकपणे उघड करायची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. कायद्याचं सोड, ‘आधी आम्हाला दाखवा, मग टाका’ अशी अट घालणाऱ्याची पेटी न उघडता परत पाठव. तिथे हो म्हणालीस की पुढचा प्रत्येक आकडा त्यांच्या सोयीने मोजावासा वाटेल.

आणि निकाल देताना ‘चांगला’, ‘वाईट’ असं मोघम बोलू नकोस. कोणासाठी, ते सांग. शाळेतल्या मुलाला आवाजाची लहर आणि कपॅसिटरचं चार्ज होणं बघायचंय? त्याला दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्राने विकसित केलेलं एक्सपआइज पुरेल. ते संगणकाला जोडून चालतं आणि सोबत प्रयोगही शिकवतं. एखादीला अर्दुइनोचे संदेश तपासायचेत? तिला बँडविड्थपेक्षा मेमरी महत्त्वाची. दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला भक्कम इनपुट आणि चांगले प्रोब हवेत. आणि कॉलेजात धूळ खात पडलेला, काचनळीचा जुना सीआरओ मिळत असेल, तर कित्येक जणांनी काही काळ नवा स्कोप न घेतलेलाच बरा. हे सांगायला धीर लागतो, कारण ‘घेऊ नका’ म्हटलं की दुव्यावरचं कमिशन जातं. पण ज्या मुलीने तुझ्यासारखेच शिष्यवृत्तीचे पैसे साठवलेत, तिच्यासाठी तो व्हिडिओ आहे.

शेवटी चुकांचं. काहीतरी चुकणारच, सूत्रात, आकड्यात, आयसीच्या नावात. कोणी दाखवून दिलं आणि तपासल्यावर खरं निघालं, तर व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नकोस. वर्णनाच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती लिही, दाखवणाऱ्याचे आभार मान, आणि नवं माप टाक. पहिला व्हिडिओ छोटाच ठेव: अर्धा वेळ मोजमाप, मग झाकण, आणि शेवटी सगळे आकडे एका पाटीवर. टाकण्याआधी तुझी वही मला पाठव. व्हिडिओ मी नंतर बघेन, आधी आकडे बघेन.

तुझी ताई